निरीक्षणाबाहेर

प्रेस्टनच्या दफ्तरखान्यात शाईला बंदी आहे.
पेन्सिल चालते. आणि पानं दाबून धरायला
कापडात शिवलेली शिशाची माळ.
दर मंगळवारी थॉर्नशॉ गावातली मेलेली माणसं
मी घरटी एक कागद अशी मांडत बसते:
नवरा, शेजारी बायको, खाली मुलं,
प्रत्येकापुढे दोन चौकटी.
आलं कधी. गेलं कधी.

आपल्याकडे पूर्वी खानेसुमारी म्हणत,
म्हणजे मोजायची ती घरं.
मग शिरगणती आली, ती डोकी मोजणारी.
जनगणना हा शब्द फार नंतरचा, सरकारी इस्त्रीचा.
मार्जरी ऐन्स्कफला हे सांगितलं
तर म्हणाली, आपण यातलं काहीच करत नाही गं,
आपण सुटलेले टाके उचलतो.
तिच्या चार पिढ्या गिरणीत गेल्या.

आज जेम्स सागरचा कागद.
हो, सागर. या डोंगरांत हे आडनाव जुनं आहे
आणि समुद्र इथून दिसतही नाही.
हातमागवाला. बायको बेट्टी.
हॅना, बारसं मार्च १८२४.
जॉन, बारसं १८२६, मूठमाती १८२६.
हॅना, बारसं ऑगस्ट १८२८.

पहिल्या हॅनाची मूठमाती कुठेच नाही.
मी मागची चार वर्षं दोनदा चाळली,
पुराचं पाणी लागून फुगलेलं पानसुद्धा.

नियम असा आहे:
त्याच नावाचं दुसरं मूल आलं
की पहिलं गेलं असं धरायचं.
आईबाप नाव वाया घालवत नसत.
चौकटीत एक फुली मार, मार्जरी म्हणाली, छोटीशी.
मारली.
बालमृत्यूच्या रकान्यात एक आकडा वाढला.

चहानंतर, उगाच,
१८५१ च्या शिरगणतीची फिरकी लावली.
ब्लॅकबर्न. कापडवाल्याचं घर. मोलकरीण,
हॅना सागर, जन्म थॉर्नशॉ, वय सत्तावीस.
बावीस नव्हे. सत्तावीस.

मार्जरीनं चष्मा वर केला, खाली केला.
दोनाचा सात झाला असेल, कारकून घाईत असतात.
शिवाय एका हॅनानं सरासरी हलत नाही.
खरं आहे. मी एकतीस वर्षं हेच शिकवलं,
बर्नलीत, बाकांवर पाय टाकून बसणाऱ्या पोरांना.

पण नाव कसं बंद होतं ते मला ठाऊक आहे.
शिपोशीच्या शाळेच्या दाखल्यावर एक मुलगी आहे,
कुमुदिनी गोविंद आठल्ये, अकरावी, वर्तणूक चांगली.
त्यापुढे ती कुठेच नाही.
एकाहत्तर साली चिपळुणात
तांदळाच्या ताटात अंगठीनं एक नाव लिहिलं गेलं,
ते मी उलटं वाचलं,
कारण ताट नवऱ्याच्या बाजूला होतं.
दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते तांदूळ शिजवले असतील.

शास्त्रात याला निरीक्षणाबाहेर जाणं म्हणतात.
मेली असं नाही, जगली असंही नाही,
ज्या दिवशी वही शेवटचं नाव घेते
तिथपर्यंतच तुमचं आयुष्य हिशेबात.
शिपोशीची एखादी मार्जरी
मंगळवारी माझ्या चौकटीत फुली मारेल,
छोटीशी, आणि नियमानं ती बरोबरच असेल.

साडेचारला माळा उचलतात, वह्या पेटीत जातात.
खोडरबरालाही इथे बंदी आहे.
तेव्हा फुली राहिली.
तिच्या शेजारी, समासात, मार्जरीला वाचता येऊ नये म्हणून
आपल्या अक्षरांत लिहिलं:
ब्लॅकबर्नला आहे. भांडी घासते आहे.